साडूंची यंत्रपरीक्षा

आमच्या साडूंनी आयुष्यात एकही वस्तू नुसती विकत घेतलेली नाही. प्रत्येक वस्तूला त्यांनी आधी शरण आणले आहे. कोपरगावकडच्या एका साखर कारखान्यात ते वजनकाट्यावर होते. तिथे उसाची गाडी आधी भरलेली तोलतात, मग रिकामी, आणि वजाबाकी करून ऊस ठरवतात. निवृत्तीनंतर काटा सुटला, वजाबाकी सुटली नाही. पंखा घेताना ते दुकानात बंद पंख्याखाली बराच वेळ बसून राहिले. मुलीसाठी स्थळ पाहायला गेले तेव्हा मुलाला बाहेर पाठवून त्याची रिकामी खोली न्याहाळत बसले. "भरलेली गाडी कुनीबी दाखवतो, साडूभाऊ. रिकामी दाखवा म्हनावं," हे त्यांचे तत्त्वज्ञान. त्यावर वाद घालण्यात अर्थ नसे. मी घातला नाही.

अशा गृहस्थांना एक यंत्र निवडायचे होते, आणि तेही बाजारातून नाहीसे झालेले. एकाच पेटीत व्हिडिओ कॅसेट चालवणारे आणि तीच डीव्हीडीवर उतरवून घेणारे. कारण एक कॅसेट होती, मुलीच्या लग्नाची. तीत त्यांच्या पत्नीने, म्हणजे माझ्या मेहुणीने, विहिणींच्या पंगतीत उखाणा घेतला होता. बाई जुन्या वळणाची. सगळा संसार तिने "अहो, ऐकलं का" यावर निभावला. नवऱ्याचे नाव तिच्या तोंडून निघाले ते त्या एका उखाण्यात. साडूंनी तेही ऐकले नव्हते. ते मांडवात व्यवस्था पाहत होते. बायकांनी नंतर सांगितले. कॅसेट घरी कधी लागली नाही, कारण ती लावण्याचे यंत्र पसंत व्हायचे होते. ते पसंत होण्याआधी मेहुणी गेली. फितीवर बुरशी चढू लागली. कोणताही फोटोवाला कॅसेट उतरवून देईल, असे मी सुचवले. "दुसऱ्याच्या हातात?" एवढेच ते म्हणाले, आणि मी जणू मेहुणीलाच एस.टी.ने पार्सल करायला सांगितले होते अशा नजरेने माझ्याकडे पाहिले.

मग नगरला खेपा सुरू झाल्या. मी नगरलाच राहतो. "ताईला एकदा डोळ्यांनी बघायचंय मला, जा तुम्ही त्यांच्याबरोबर," असा पत्नीचा हुकूम झाला. जुनी यंत्रे दुरुस्त करून विकणाऱ्या एका चाचांच्या दुकानात साडू स्टूल ओढून बसत आणि यंत्र कॅसेट न घालता सुरू करायला लावत. मग डोळे मिटून, पेटीला कान लावून ऐकत. डॉक्टरही रोग्याला इतका वेळ देत नाहीत. एक यंत्र त्यांनी दमेकरी म्हणून नाकारले. दुसऱ्याचे झाकण "लई उतावीळ" निघाले. तिसऱ्यात काही दोष सापडेना. तेवढ्यानेच ते संशयास्पद ठरले.

"काका," चाचा शेवटी म्हणाले, "बायको पसंत करताना बी एवढंच तपासलं होतं का?"

"ती वडलांनी पसंत केली हुती. म्हनून तर चुकली न्हाई."

"मग आता ऐका माझं. हा पावसाळा तुमची फीत काढनार न्हाई. नंतर मशीन नेऊन काय पूजा घालनार त्याची?"

साडूंचा चेहरा उतरला. तिसरे यंत्र त्याच दिवशी माझ्या घरी आले. तारा जोडायला चाचा स्वतः आले.

पत्नीने ठेवणीतली साडी नेसली होती. पडदा थरथरला, पंगत दिसली, मग मेहुणी दिसली. बायका "नाव घ्या, नाव घ्या" म्हणून तिच्या मागे लागल्या होत्या. ती लाजली. म्हणू लागली. आवाज स्वच्छ होता. साडू पुढे वाकले. शेवटच्या ओळीत नाव येणार, इतक्यात चित्रीकरणातच कॅमेऱ्यामागून एक दणदणीत पुरुषी आवाज आला:

"ओ व्हिडिओवाले! त्यो दिवा आधी बंद करून बघा, मंग लावा!"

पंगत हसली. मेहुणीचे ओठ हलले. नाव ऐकू आले नाही.

डीव्हीडी तयार झाली. साडूंनी तेवढाच भाग पुन्हा लावला. पुन्हा लावला. आवाज कुणाचा, हे खोलीतल्या प्रत्येकाला कळले होते. चाचा उरलेल्या तारा गुंडाळू लागले. त्या आधीच गुंडाळलेल्या होत्या.

"साडूभाऊ," साडू म्हणाले, "या यंत्राचा आवाज बरोबर न्हाई. दुसरं बघावं लागंल."

यंत्रात खोट नव्हती. हे त्यांना सुनावण्याची इतकी चोख संधी मला इतक्या वर्षांत मिळाली नव्हती. पत्नीने माझ्याकडे पाहिले.

"बघू," मी म्हणालो. "पुढच्या आठवड्यात जाऊ."

"या काका," चाचा म्हणाले. "आधी रिकामं दाखवतो."

तेव्हापासून आम्ही जातो. साडू डोळे मिटून रिकाम्या यंत्राला कान लावतात. मी शेजारच्या स्टुलावर बसून असतो. घाई मलाही नाही.