जनीबाईंच्या एकेचाळीस सावल्या

दिनांक १६ फेब्रुवारी २०२५, रविवार, दुपारी सव्वातीन वाजता, विचुंबे येथील आमच्या इमारतीत, श्री. भावेश मढवी यांनी आपल्या आत्या श्रीमती जनीबाई भोपी यांच्या हातातून कंट्रोलर काढून घेतला आणि नऊ मिनिटांत साखळीवाल्याला ठार केले. हा अपराध कोणत्याही कायद्यात बसत नाही, असे मला तीन ठिकाणी हसून सांगण्यात आले. म्हणून तो येथे नोंदवतो.

जनीबाई माझ्या शेजारी राहतात. वय एकोणसाठ, उमेदीची वर्षे उरणकडच्या मिठागरांत गेली. त्यांचा एकुलता एक मुलगा हितेश मार्च २०२४ मध्ये पळस्प्याजवळ मोटारसायकलच्या अपघातात गेला. दहाव्याला गाढी नदीच्या काठी कावळा पिंडाला शिवेना. नातेवाइकांनी आईला सांभाळण्याचे, गाडी न विकण्याचे शब्द दिले. कावळा घाटाच्या भिंतीवरून हलला नाही. अखेर जनीबाई पुढे झाल्या आणि म्हणाल्या, "तुजा त्यो साखळीवाला मी मारीन रं." कावळा उतरला.

साखळीवाला हा हितेशच्या गेममधला योद्धा. हितेश त्याच्याकडून एकेचाळीस वेळा हरला होता. त्या गेममध्ये खेळाडू जिथे मरतो तिथे त्याची करडी सावली उरते. तिला स्पर्श केला की ती शेवटचे दहा सेकंद पुन्हा लढते आणि पुन्हा कोसळते. पडक्या दरबारात हितेशच्या एकेचाळीस सावल्या उभ्या होत्या. जनीबाई पाहुण्या खेळाडू म्हणून, स्वतःची सावली न उरवता, रोज दुपारी त्यांच्यामधून वाट काढीत जात. मी इंटरनेटवरील डावपेच मराठीत वाचून दाखवत असे.

"साखळी उगारली की मागे सरू नये, तिची लांबी मागेच पोहोचते. त्याच्या उजव्या कुशीत शिरावे."

"ह्ये हितेशला कुनी सांगितलं नाय का, सर?"

"तो वाचत नसावा."

"वाचायचा कसला! त्याला दम कुठं व्हता!"

पण खरे डावपेच त्यांना सावल्यांनीच शिकवले. एकेक सावली त्या दहा-दहा वेळा पाहत. दोन फटके बसले की हितेश हमखास तिसरा मारायला जाई आणि तिथेच मरे. तीस-एक सावल्यांचा शेवट असाच. जनीबाईंनी दोनच फटक्यांचा नियम केला. मिठागरात मीठ गोळा करायची फळी ओढताना त्या श्वासावर पावले मोजीत. तसेच त्या साखळीचे फेरे मोजू लागल्या. तिसऱ्या फेऱ्यानंतर साखळीवाला क्षणभर वाकतो, तेव्हाच औषध प्यायचे. अर्धा जीव उरल्यावर तो साखळी पेटवतो. त्या वेळी खांबाआड थांबायचे, घाई करायची नाही. जानेवारीपर्यंत साखळीवाल्याचा जीव केसाएवढा उरू लागला.

आणि मग त्या हरू लागल्या. मला वाटले, वयाने हात थरथरत असावेत. एके दुपारी नीट पाहिले. शेवटचा फटका शिल्लक असताना त्यांनी कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि साखळी अंगावर येऊ दिली.

साखळीवाला मेला की दरबारातल्या सगळ्या सावल्या कायमच्या पुसल्या जातात, ही ओळ मीच त्यांना वाचून दाखवली होती.

"वर्सश्राद्धाच्या दिवशी मारीन," त्या म्हणाल्या. "शब्द दिलाय, त्यो मोडनार नाय. तवर बगूं दे त्याला."

श्राद्धाला सोळा दिवस उरले असताना भावेश आला. रोडपालीत त्याचे मोबाईल दुरुस्तीचे दुकान आहे; वय छत्तीस; माणूस वाईट नाही, हेच दुःख. आत्या अखेरच्या फटक्याला हरताना त्याने पाहिले.

"अगं आत्या, एकच राहिला होता! दे इकडं."

"भावेश, नको रं."

"किती दिवस रडत बसणार? एकदाचा संपवून टाकू."

मी म्हणालो, "भावेश, त्यांना देऊन टाका."

"सर, तुम्ही तुमचे पेपर तपासा. हे तुमच्या वर्गात शिकवत नाहीत."

नऊ मिनिटे. साखळीवाला गुडघ्यावर आला. दरबारात उजेड पसरला आणि त्या उजेडात सावल्या एकेक करून विरल्या. भावेशने टाळी मागितली. जनीबाई पडद्याजवळ गेल्या आणि रिकाम्या फरशीवर बोट ठेवून म्हणाल्या, "हितं सव्विसावा व्हता."

आता दुपारी भिंतीपलीकडून फक्त गेममधल्या पावलांचा आवाज येतो. त्या रिकाम्या दरबारात फिरत असतात. कुठे कोण कोसळला, हे त्यांना पाठ आहे. त्या तिथे थांबतात. दहा सेकंद. मग पुढची जागा.

नातेवाईक म्हणतात, शब्द पाळला गेला. जनीबाई म्हणतात, शब्द आपला होता, हात परका होता. आपला मुलगा अजून त्या कावळ्यासारखा घाटाच्या भिंतीवर बसला आहे, असे त्या सांगतात.

या गेममध्ये सोबत खेळणाऱ्या मित्रांच्या दरबारातही आपल्या सावल्या उमटतात. हितेश भोपी याच्याबरोबर २०२२ ते २०२४ या काळात तुम्ही खेळला असाल आणि साखळीवाला अजून तुमच्याकडे जिवंत असेल, तर त्याला मारू नका. विचुंब्याला या आणि कंट्रोलर जनीबाईंच्या हातात द्या.