शंभू टेलरने मोजलेली उंची

साखळीच्या बाजारात शंभू टेलरचं दुकान आहे. माणूस बुटका, आवाज मोठा, आणि विश्वास फक्त टेपवर. माणूस खोटं बोलेल, टेप बोलायची नाही, हे तो प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवतो. विसाव्या वर्षी तो पोलिसभरतीला गेला होता. दीड इंच कमी पडला म्हणून रांगेतून बाहेर काढलं. पुढे शिवणकाम शिकला, झकास संसार केला, पण ते दीड इंच मनातून गेले नाहीत.

म्हणून तेरा वर्षांची त्याची मुलगी समीक्षा शाळेत वेटलिफ्टिंग शिकू लागली, आणि शेजारचा चहावाला मधुकर म्हणाला, "चेडवाक वजना उचलूक धाडतस? गिड्डा रवतला मरे ता!" तेव्हा आपली पोरही बुटकी राहणार, अशी शंभूला धास्तीच पडली. त्याने घरात फर्मान काढलं: दर महिन्याला उंची मोजायची, वाढ थांबली की खेळ बंद. समीक्षा मुकाट्याने कबूल झाली. त्या खेळासाठी ती काहीही कबूल झाली असती.

जूनमध्ये ती अठ्ठावन्न इंच भरली. जुलैत पाव इंच वाढली, तेव्हा बापाने जिलेबी आणली. ऑगस्टमध्ये दाराला टेकवून मोजली, तर साडेसत्तावन्न!

"आटला! माझा चेडू आटला!" शंभूने घर डोक्यावर घेतलं.

"कापड आटता, माणूस कसा आटतला?" बायको नंदा म्हणाली. पण ऐकतो कोण! स्पर्धेचा अर्ज दुसऱ्या दिवशी द्यायचा होता, बापाच्या सहीसाठी अडला होता. शंभूने तो बाजूला सारला. समीक्षा रडली नाही, नुसती न जेवता उठली. मग तोही अर्ध्या ताटावरून उठला.

सकाळी दुकान उघडतो तोच मधुकर शंभूनेच शिवलेली नवी पँट घालून हजर. पँट घोट्याच्या बोटभर वर. तसे गेले पंधरा दिवस शाळेचे गणवेशही तोकडे म्हणून परत येत होते, पण शंभू आयांना खुशाल सांगायचा, "वाढता वय, वाढली पोरां!"

"माका पन्नास वर्सा झाली," मधुकर म्हणाला. "मी पण वाढलंय काय रे?"

शंभूचं लक्ष गळ्यातल्या टेपकडे गेलं. नवी टेप जुलैअखेर हरवली होती, तेव्हापासून तो पेटीतल्या जुन्या टेपने माणसं मोजत होता आणि कापड मात्र लोखंडी पट्टीने बेतत होता. त्याने टेप पट्टीला लावून पाहिली. साठ इंचांची टेप ताणून ताणून सव्वाएकसष्टची झाली होती! म्हणून तिच्यावर प्रत्येक जण कमीच भरत होता.

दुकान मधुकरच्या भरवशावर टाकून तो अर्ज घेऊन शाळेत धावला. खेळाच्या शिक्षिका स्नेहा मॅडमनी समीक्षाला भिंतीवरच्या पट्टीपाशी उभं केलं. पावणेएकोणसाठ! शंभूने मोठ्ठा श्वास सोडला.

"वजनांनी उंची खुंटत नाही," मॅडम म्हणाल्या. "नीट शिकवलं, झेपेल तेवढंच उचललं आणि पोटभर खाल्लं की झालं. कोणी लक्ष न ठेवता भलतं वजन उचललं तर मात्र वाढत्या हाडांना इजा होऊ शकते. उंची बहुतेक आईबापांकडूनच येते."

शंभूचा चेहरा उतरला. म्हणजे वजनांचा काही दोष नव्हता. पोर बुटकी राहिली तर ती आपल्यामुळेच. त्याला मान वर करवेना.

समीक्षाने ते बघितलं. "बाबा, तुमची उंची माका गावली तर बराच झाला," ती म्हणाली. "आमच्या खेळात बुटक्यांका सोपा पडता. वजन जास्त वर नेवक लागणा नाय."

ती समजूत घालत नव्हती, खरंच तसं मानत होती. शंभूचे डोळे भरून आले. आपल्या उंचीचा कुणाला उपयोग होईल, असं त्याला आयुष्यात वाटलं नव्हतं. त्याने खिशातून पेन काढलं आणि सही केली. सही अशी लांबलचक झाली की शेजारची, मुख्याध्यापकांची जागाही तिने व्यापली.