फाटकाबाहेरचा माठ

चैतू मडावीने उभ्या जन्मात कोणाला दारात अडवलं नव्हतं. अडवायला दार तरी हवं ना. आलापल्लीच्या पलीकडच्या त्याच्या घराला होती बांबूची ताटी, तीही कुत्र्यांसाठी. आणि हा बाबा एकोणचाळिसाव्या वर्षी भद्रावतीला निघाला, कशाला, तर लोकांना फाटकावर अडवायचं कसं ते शिकायला. गाव हसलं. हसू द्या. त्याची लेक स्वाती चंद्रपूरच्या वसतिगृहात राहून अकरावी शिकत होती, आणि सुट्ट्या सोडल्या तर बापलेकीची गाठ पडत नव्हती. घुग्घुसच्या एका कारखान्याला गार्ड हवे होते. एकवीस दिवसांचं प्रशिक्षण पास केलं की नोकरी, राहायला खोली, आणि पोरगी घरून कॉलेजात. नापास झाला तर सगळं संपलं, कारण चाळिशीनंतर कोणी घेणार नव्हतं.

शिकवायला होते हरिदास रामटेके. तीस वर्षं निरनिराळ्या फाटकांवर काढून निवृत्त झालेले. मिशी पांढरी, बूट मात्र कायम चकचकीत. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. परेडमध्ये चैतू पहिला, पळण्यात पहिला. आग विझवायच्या लाल सिलिंडरची पिन त्याने एका झटक्यात ओढली. बुटांनी तेवढं छळलं. टाचा सोलून निघाल्या तेव्हा उस्तादांनीच गुपचूप मलम आणून दिलं.

घोडं अडलं ते फाटकावर. बाराव्या दिवशी मैदानात आडवा बांबू लावून फाटक केलं होतं. आत खुर्ची, रजिस्टर आणि पाण्याचा माठ. एक जण पाहुणा बनून येणार. गार्डने नाव विचारायचं, पास बघायचा, पिशवी तपासायची, मगच बांबू उचलायचा. पाहुणा झाला त्याच तुकडीतला राजदीप, भारी चलाख गडी. घामाघूम होऊन आला, हातात जड पिशवी.

आता चैतूच्या गावची रीत अशी, की आलेल्याच्या हातचं ओझं आधी घ्यायचं, त्याला बसवायचं, पाणी द्यायचं. पाणी पिऊन त्याने तांब्या खाली ठेवेपर्यंत कोण, कुठले, काऊन आले, हे विचारणं म्हणजे माणसाला हाकलून देणं. चैतूने बांबू उचलला, पिशवी घेऊन बाजूला ठेवली, राजदीपला आपल्याच खुर्चीवर बसवलं आणि माठाकडे वळला. तांब्या भरून बघतो तर खुर्ची रिकामी. राजदीप पिशवीसकट थेट ऑफिसच्या दारात. पिशवीत मिठाईचा खोका निघाला, त्यावर खडूने लिहिलं होतं: बॉम्ब.

पोरं हसून हसून लोळली. हरिदास हसले नाहीत.

"लग्नाच्या मांडवात उभा हाय काय तू? कारखान्यात पाचशे मानसं असतेत, चैतू. शेवटच्या दिवशी आखरी मौका. तेव्हाबी हेच केलं तर मी पास नाई करनार."

चैतूला ते फार लागलं, कारण उस्तादांचं खरं होतं. तो सराव करत राहिला. भुवया चढवून बघितल्या, आवाज जाड करून बघितला. पण तहानलेल्याला आधी नाव विचारायचं म्हटलं की हात आधी तांब्याकडेच जायचा. शेवटी त्याने बायकोला, अन्नपूर्णाला, फोन लावला.

"मले जमूनच नाई राह्यलं. स्वातीले काय सांगू?"

"माठ कुठी हाय?"

"आत."

"मंग बाहेर ठेव ना. पानी बाहेर पाज, मंग नाव विचार. बांबूले हात नोको लावू." एवढं बोलून तिने फोन ठेवला. चुलीवरची भाजी लागत होती.

शेवटच्या दिवशी चैतूने सकाळीच माठ उचलून बांबूच्या बाहेर मांडला. कारखान्याचे साहेब बघायला बसले होते. आणि पाहुणे म्हणून आले कोण, तर खुद्द हरिदास.

"चैतू, उघड लवकर. साहेबाले फाईल द्याची हाय. पास घरी राह्यला."

मलम आणून देणाऱ्या माणसाला अडवायचं कसं? "जोहार, उस्ताद," तो म्हणाला. "पानी घ्या." त्याने बांबूवरून वाकून तांब्या भरला. मागे राजदीपने कपाळावर हात मारला. हरिदास शांतपणे प्यायले. तांब्या खाली ठेवला, तेव्हा चैतूने रजिस्टर पुढे केलं.

"नाव लिवा. फाईल घ्याले आतून मानूस बोलावतो. पासाबिगर बांबू नाई उठनार."

"मले ओळखत नाई काय तू?"

"ओळखतो. तुमीच शिकवलं."

हरिदास भडकले, नोकरी मिळू देणार नाही म्हणाले. पण बांबू तसूभर हलला नाही. मग उस्तादांनी खिशातून पास काढला आणि मिशीत हसले. "फाटकावर अडवनारे लई पाह्यले. पानी पाजून अडवनारा तू पयलाच."

आज घुग्घुसच्या त्या फाटकाबाहेर माठ असतो, आणि धुळीने माखलेले ट्रकवाले आधी तिकडेच वळतात. परवा चैतू डबा घरी विसरला, तर स्वाती कॉलेजातून आल्या आल्या घेऊन आली. त्याने तिला पाणी दिलं. ती प्यायली आणि सरळ आत निघाली. त्याने रजिस्टर पुढे केलं.

"बाबा, मी आहो."

"मालूम हाय. लिव."

तिने मान हलवत नाव लिहिलं. 'कोणाला भेटायचे' या रकान्याशी जरा थांबली, आणि लिहिलं: बाबाला, रोज.