महिपतची सूचक

हौसाकाकी आणि महिपत यांचं कधीच पटलं नाही. दोघांच्या भातखाचरांमधला बांध महिपत दर लावणीला वीतभर तिच्याकडे सरकवायचा, आणि काकी फावडं घेऊन तो परत होता तिथे आणायची. शिव्या दोन्हीकडून.

संगमेश्वरजवळच्या आमच्या गावात ग्रामपंचायतीला कधी मतदानच झालं नव्हतं. देवळात गावकी बसायची, गावचे मुख्य मानकरी, गावकर आप्पा, नावं सांगायचे, बाकीचे माना डोलवायचे. बिनविरोध गाव म्हणून तालुक्यात केवढा मान! मुंबईचा गिरणी संप फसल्यावर महिपत गावी परतला आणि त्याने उभं राहायचं ठरवलं. अर्जावर सूचकाची सही हवी होती. वाडीने त्याला दारातूनच परतवलं. शेवटी तो काकीकडे आला.

काकी तांदूळ निवडत होती. चौथी शिकलेली. ओळीखाली बोट ठेवून तिने अख्खा अर्ज वाचला.

"सही करते. मत मात्र तुला नाय हां. पंचायतीत गेलास तर गावचा रस्तापण सरकवशील."

"मंग सही कशाला करतेस?"

"तुला पाडायला तरी तू उभा र्‍हायला हवास ना!"

संध्याकाळी आप्पा आले. पाणीसुद्धा घेतलं नाही.

"हौसा, गावाचं एक मत झालं होतं. तू मोडलंस."

"एक मत कसं, आप्पा? मला तर कुणी इचारलंच नाय."

"बायकांना काय इचारायचं?"

"मग सरकार मतपत्रिका देतं, ती काय चूल पेटवायला?"

देवळात नारळ ठेवून चूक कबूल कर, नाहीतर शिमग्याला घरोघरी जाणारी देवीची पालखी तुझ्या अंगणात येणार नाही, एवढं बजावून आप्पा निघून गेले.

दाराआड उभी असलेली सून, राही, बाहेर आली. लग्नानंतर सहा वर्षांनी तिला मूल झालं होतं. पालखी दारात आली की बाळाला घेऊन देवीची ओटी भरीन, असा तिचा नवस होता.

"ठेवा ना एक नारळ," ती रडकुंडीला आली. "तुमचं काय जातंय?"

"तुझ्या नवसाचं वाईट वाटतंय गो. पण चूक केली नसताना केली म्हणून देवीसमोर खोटं कसं बोलू?"

दोन दिवस राही ताट वाढून न बोलता आत जायची. काकी जेवून आपलं ताट आपणच घासायची. तिने सुनेला गप्प राहण्याबद्दल एकदाही टोकलं नाही.

मतदान झालं. महिपत एकोणीस मतं घेऊन पडला. त्यात आपलं मत नाही, हे काकीने त्याला तोंडावर सांगितलं. लोकशाहीवर भाषणं देणारे मी पुष्कळ ऐकले. ज्याला मत द्यायचं नाही त्याच्या अर्जावर सही करणारी एवढी एकच पाहिली.

शिमग्यात काकीने अंगण सारवलं, रांगोळी घातली. पालखी ढोल वाजवत पुढे निघून गेली. राही बाळाला कडेवर घेऊन सहाणेवर गेली. पालखी टेकवायच्या त्या चौथर्‍यावर कुणालाच मज्जाव नसतो. तिथे तिने ओटी भरली.

सहाणेशी उभे असलेले आप्पा जरा नरमले होते. "सासूला समजाव गो. पुढल्या वर्षी येईल पालखी दारात."

राहीने डोक्यावरचा पदर सारखा केला.

"तुमीच येऊन समजवा, आप्पा. ती सगळं ऐकून घेईल, मधे बोलणार नाय. पण मग तुमालापण तिचं ऐकून घ्यावं लागेल."