नाय देत चौथा

माझ्या डाव्या हाताची पकड गेली तेव्हा मला सगळ्यात आधी गाडी आठवली, यावरून माझी मुलगी अजून टोमणे मारते. मानेतली नस दबलेली, ऑपरेशन झालं, आणि जरा बोलता यायला लागल्यावर मी डॉक्टरला पहिला प्रश्न केला, "गिअर टाकता येईल ना?" डॉक्टर हसला. माझं डोकंच फिरलं. यात हसण्यासारखं काय होतं? हात वर-खाली होतो, पण मूठ वळत नाही. चहाचा कप धरता येत नाही, तर गिअरचा दांडा काय धरणार, एवढंच त्याने सरळ सांगायचं होतं.

गाडी साधी नव्हती हो. दिसायला चार लोकांच्या गाड्यांसारखी, पण आत टर्बो इंजिन, आणि ते मानपाड्याच्या एका गॅरेजवाल्या दोस्ताकडून मी अजून तेज करून घेतलेलं. आमच्या शेतांवर बिल्डिंगी उभ्या राहिल्या तेव्हा कोणी बंगले बांधले, कोणी सोनं केलं. मी ही एक हौस केली. माझा बाप शर्यतीचे बैल पाळायचा, बायकोचाही बाप पाळायचा. वेगाचं वेड आमच्याकडे नवीन नाही.

तर आता त्या गाडीचं करायचं काय? मुलगी बोलली, विकून टाका. मग एका सकाळी बायकोने पदर खोचला, माझ्याबरोबर खाली पार्किंगमध्ये आली, नेहमीसारखी डाव्या सीटवर बसली, उजवा हात गिअरवर ठेवला आणि बोलली, "चला. तुमी क्लच दाबा, मी टाकतंय."

तिने जन्मात कधी स्टिअरिंग धरलेलं नव्हतं. पण इतकी वर्षं शेजारी बसून ती सगळं बघत होती, मला कुठे ठाऊक! पहिले काही दिवस आम्ही बिल्डिंगच्या आवारातच फेऱ्या मारल्या. मी "टाक" बोलायचो, ती टाकायची. दुसऱ्याच्या जागी चौथा पडायचा, गाडी धक्का खाऊन बंद. मी ओरडायचो, ती दुप्पट ओरडायची, वॉचमन खुर्ची वळवून तमाशा बघायचा. हळूहळू जमलं. मग तर "टाक" बोलायचीही गरज उरली नाही. तिच्या बांगड्या वाजल्या की माझा डावा पाय आपोआप क्लचवर जायचा. म्हणजे खरं बघाल तर गाडी तीच चालवायची, मी नुसता पाय मारायचो. हे कायद्यात बसत नसणार, आणि कोणी करू पण नये. आम्ही केलं.

रविवारी आम्ही मुलीकडे जायचो, बाळकुमला. तिची बिल्डिंग जिथे आहे तिथे पूर्वी बायकोच्या माहेरची भातशेती होती. आमच्याकडून निघायचं, शीळफाट्याची गर्दी कशीबशी पार करायची, मुंब्रा बायपास चढायचा आणि खारेगाववरून पलीकडे. शीळफाट्यापर्यंत पहिला-दुसरा, पहिला-दुसरा, तिचा हात भरून यायचा. त्यानंतर रस्ता मोकळा मिळाला की माझ्या अंगात यायचं.

"टाक चौथा."

"नाय देत चौथा."

"अगं, इंजिन ओरडतंय!"

"वरडू दे. कनाला येवरी घाई? तिकरं कोन पाट मांडून बसलंय?"

घाई कशाला म्हणून मलाच विचारायची! मी चिडायचो. ही गाडी काय चीज आहे तुला कळतं का, तिसऱ्यात चालवायला घेतली का एवढी, असं वाट्टेल ते बोलायचो. ती खिडकीबाहेर बघत बसायची, हात मात्र गिअरवरच. दांड्यावर हात तिचा, मी करणार काय? आणि मग कधीतरी, बायपासच्या उतारावर, मी मागितलेलंही नसताना, पुढचा रस्ता रिकामा बघून ती आपणहून चौथा द्यायची, लगेच पाचवा, आणि बोलायची, "आता पलवा!" मग मी पळवायचो. ती पदर तोंडाला लावून हसायची. मुलीच्या दारात आम्ही पोचायचो तेव्हा दोघांचे चेहरे बघून मुलगी कपाळावर हात मारायची.

बायको गेली ती दुपारी, घरातच, भाजी निवडता निवडता. आजार नाही, दवाखाना नाही. मी आतल्या खोलीत टीव्ही बघत बसलेलो. त्याच्याबद्दल मला जास्त लिहायचं नाही.

दिवसकार्य झालं, पाहुणे आपापल्या घरी गेले, आणि मग मला कळलं की मला घराबाहेर पडता येत नाही. रिक्षा आहे, टॅक्सी आहे, मोबाईलवर बटण दाबलं की गाडी दारात येते, मुलगी हेच सांगायची. पण बाहेर पडून जायचं कुठे, हे मी कधी ठरवलेलंच नव्हतं. आम्ही गाडीत बसायचो आणि जायचो. आता गाडी खाली उभी, चावी माझ्या खिशात, आणि गिअर टाकायला कोणी नाही.

मी माणसं शोधली, खोटं कशाला बोलू. मेहुण्याला बसवलं. त्याने दांडा दोन्ही हातांनी असा धरला की जणू सापाचं तोंड दाबतोय. कर्रर्र आवाज झाला आणि तो बोलला, "भाऊजी, मला उतरवा." मग पगारी ड्रायव्हर ठेवला. त्याच्या शेजारी, डाव्या सीटवर, मी पहिल्यांदाच बसलो. तिच्या जागेवरून रस्ता वेगळाच दिसतो, डावीकडची माणसं, दुकानं, टपऱ्या किती जवळून जातात. माझा उजवा हात चांगला आहे. तो सारखा गिअरवर जायचा. ड्रायव्हर बिचारा तीन-चारदा गप्प बसला, मग बोलला, "काका, हात काढा ना." त्याला मी दुसऱ्याच दिवसापासून येऊ नको सांगितलं.

उरलं काय, तर ऑटोमॅटिक. मुलगी हे आधीपासून सांगत होती, आणि मी आधीपासून नाही बोलत होतो. बायको होती तेव्हा मी बोलायचो, ऑटोमॅटिक म्हणजे आळशी लोकांचं काम. ती गेल्यावर नाही बोलायचं कारण वेगळं होतं. ऑटोमॅटिक घेतली की तिचं काम कायमचं संपलं. मॅन्युअल खाली उभी होती तोवर निदान तिची जागा तरी रिकामी होती. हे कोणाला समजावून सांगणार? लोक बोलतील, म्हातारा खुळावला.

पण घरात बसून भिंती खायला उठायला लागल्या तेव्हा मी गॅरेजवाल्या दोस्ताकडे गेलो. तो जुना माणूस, माझ्याच वयाचा, त्याने जरा धीराने समजावलं. ऑटोमॅटिकमध्येही तऱ्हा आहेत. एक स्वस्तातली, तिच्यात गिअरबॉक्स आपला जुनाच, फक्त क्लच मशीन दाबतं. मुलीने माझ्यासाठी तीच बघून ठेवलेली, छोटी गाडी, "बाबा, तुम्हाला भाजी आणायला बस्स." ती गाडी प्रत्येक गिअरला मान हलवते, नवीन शिकाऊ माणसासारखी. मी बोललो, मला भाजी आणायची नाही. दुसरी, डबल क्लचवाली. पळवायला जबरदस्त, शर्यतीतल्या गाड्यांसारखी, पण शीळफाट्याच्या जाममध्ये तासभर रांगलात तर तापते. तिसरी, टॉर्क कन्व्हर्टर. तिच्यात इंजिन आणि गिअरच्या मध्ये तेल असतं, तेलातून जोर जातो. मऊ चालते, जाममध्ये त्रास नाही, पण एकदम पाय दाबला तर जरा विचार करते.

"तू पळवणार, तू डबल क्लच घे," दोस्त बोलला. "तुझा स्वभाव मला माहितीय."

मलाही तेच वाटत होतं. गेलो शोरूमला, कल्याण-शीळ रोडवर. सेल्समन तरुण, टाय लावलेला, शब्दाशब्दाला सर-सर. गाडी लाल, टर्बो, बघूनच मन भरलं. डाव्या सीटवर तो बसला आणि लगेच त्याने सीट मागे सरकवून घेतली. मला ते आवडलं नाही.

तो सांगायला लागला. "सर, यात दोन क्लच असतात. एक विषम गिअरचा, एक सम गिअरचा. तुम्ही तिसऱ्यात असता ना, तेव्हा गाडीने चौथा आधीच तयार ठेवलेला असतो. तुम्ही फक्त पाय द्यायचा."

चौथा तयार ठेवून न देणारी बाई माझ्या शेजारी बसायची, हे त्याला काय सांगू?

मोकळा पट्टा आला. मी पाय दाबला आणि तोंडातून निघून गेलं, "टाक."

"काय टाकू, सर?"

माझ्या तोंडून शब्द पुरता बाहेर पडायच्या आत गिअर पडलेलाही होता. कधी पडला ते कळलंसुद्धा नाही. मग त्याने स्टिअरिंगच्या मागच्या दोन पट्ट्या दाखवल्या. उजवी ओढली की वरचा गिअर, डावी ओढली की खालचा, हवं तर स्वतः टाका. उजवी मी ओढली. चौथा, पाचवा, सहावा, मागेन तेवढे. डावी ओढायला गेलो तर बोटं वळेनात. म्हणजे वर जायचं सगळं माझ्या हातात, आणि खाली आणायचं ते दुसऱ्या कोणाच्या. आधी तर वर-खाली दोन्ही दुसऱ्याच्याच हातात होतं, पण तेव्हा ते कोणी शेजारी होतं. एवढा राग आला मला त्या गाडीवर, त्या पोरावर, आणि तिच्यावर, असं भाजीचं ताट पुढ्यात ठेवून निघून गेल्याबद्दल. मी गाडी बाजूला घेतली आणि त्याला बोललो, तू चालव परत.

तो घाबरला. "सर, बीपी वगैरे आहे का?" पाण्याची बाटली काढून दिली. पोरगा चांगला होता, उगाच मी त्याच्यावर डाफरलो.

पुढच्या आठवड्यात त्याचाच फोन आला. तेच इंजिन, पण टॉर्क कन्व्हर्टरवाली टेस्ट ड्राईव्हला आलीय, बघता का? घरी करायचं काय, गेलो. या वेळी हट्ट करून बायपासच्या चढापर्यंत नेली. पुढे ट्रक रांगत होता. उजवीकडे जागा बघितली आणि मी पाय पूर्ण दाबला. काहीच झालं नाही. इंजिन नुसतं घुमलं. श्वास घ्यावा एवढा वेळ गेला, आणि मग गिअर खाली पडला आणि गाडी ओढायला लागली.

सेल्समन लगेच माफी मागायला लागला. "सर, थोडा लॅग आहे. स्पोर्ट मोडला टाकली की कमी होतो. दाखवू?"

"राहू दे," मी बोललो. "असंच राहू दे."

त्या श्वासाएवढ्या वेळात तिचं बोलणं बसत होतं. वरडू दे, कनाला येवरी घाई. तेवढं बोलून होईपर्यंत गाडी थांबायची आणि मग द्यायची. ती लाल, डबल क्लचवाली गाडी तेवढी सवडच देत नव्हती. हे वाचणाऱ्याला वेडेपणा वाटेल, वाटू दे. मी तीच बुक केली. दोस्त बोलला, अरे, पळवायचीय तर ही कशाला? मी बोललो, शीळफाट्याला तापत नाही म्हणून. त्याला पटलं.

जुनी गाडी शोरूमवाल्यांनी बदल्यात घेतली. न्यायला माणूस आला तेव्हा मी शेवटचा आत बसलो. गिअरच्या दांड्याची मूठ एका बाजूनेच झिजलेली होती, तिच्या बाजूने. काढून ठेवावी असं मनात आलं. मग वाटलं, ठेवून दाखवणार कोणाला? राहू दिली.

नवीन गाडीची पूजा मुलीने केली. चारी चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला, ती ओवाळत होती. मी गिअर 'डी'वर, म्हणजे ड्राईव्हवर टाकून ब्रेकवरचा पाय जरा सैल केला तर गाडी आपणहून पुढे सरकली आणि लिंबं फुटली. ऑटोमॅटिक तशीच असते, ब्रेक सोडला की चालायला लागते. मुलगी ताट घेऊन मागे उडाली आणि ओरडली, "बाबा, घाई कसली एवढी?" बोलून तिने ताटातलं निरांजन उगाच सरळ केलं. मी ब्रेक दाबून धरला.

आता मी रविवारी एकटा बाळकुमला जातो. मुलगी बोलते, अगदी मजेत चालवता तुम्ही, बघा, मी सांगत नव्हते? चालवतो. डावा हात मांडीवर असतो, डावा पाय रिकामा, आणि डाव्या सीटवर मुलीकडे न्यायची पिशवी. गाडी मागेन तो गिअर देते, जरा थांबून का होईना, पण देते. नाही कधी बोलत नाही.

गेल्या रविवारी बायपासच्या उतारावर रस्ता सगळा मोकळा होता. पुढे एकही ट्रक नाही. असा रस्ता वर्षातून एखाद्या वेळी मिळतो. पायाखाली एवढं इंजिन, वर ऊन छान पडलेलं. मी साठवर होतो. साठवरच राहिलो आणि वाट बघत बसलो. मागून एक टेम्पोवाला हॉर्न मारत आला, बाजूने काढताना हात उडवून काहीतरी बोलला. उतार संपला, खारेगावची गर्दी लागली. आता पलवा असं कोणी बोललंच नाही.