शिळं पाणी

लग्न होऊन मुरबाडहून किन्हवलीला आले, तेव्हा माझा ॲक्सोलोटल सोबत आणला. पालीसारखे पाय आणि मानेवर पिसांसारखे कल्ले असलेला हा प्राणी जन्मभर पाण्यातच राहतो. नळाचं पाणी दोन दिवस भरून ठेवायचं, त्यातल्या क्लोरीनच्या पावडरीचा वास गेला की मगच त्याच्या काचेच्या टाकीत घालायचं, हे मी सासूबाईंना हात जोडून सांगितलं होतं. पण या घरात हंड्यातलं शिळं पाणी रोज सकाळी ओतून देतात. एका सकाळी त्यांनी टाकीही उपसली आणि नळाच्या ताज्या पाण्याने काठोकाठ भरली.

“शिळं पानी ठेवू नाय गो घरात,” त्या म्हणाल्या.

त्याचे कल्ले आक्रसले, कातडी सोलली. मी त्याला टपात घेतलं. पलंगाखाली चोरून बादली भरून ठेवायची आणि त्यातलंच शिळं पाणी रोज त्याला द्यायचं, असं चाललं होतं. नवरा म्हणाला, “एका किड्यासाठी केवढं नाटक!”

हळूहळू कल्ले पुन्हा फुलले, तो गांडुळं खायला लागला. सासूबाई टपात डोकावल्या आणि शेजारणीला म्हणाल्या, “बघ, मानवलं ना आमचं पानी!”

माझ्याबद्दलही त्या गावभर हेच सांगतात.