रनअवे टाकली

आमच्या ह्यांना भाषणाची भारी हौस. प्रबुद्ध वानखडे, मूळचे अमरावतीकडचे, बहरीनमध्ये एकोणीस वर्षं. हिद्दच्या एका कंपनीत कामगारांची कागदपत्रं बघतात. व्हिसा, रजा, रेसिडेंट कार्ड सगळं ह्यांच्या हातून जातं, आणि कामगारांचे पासपोर्टही ह्यांच्याच कपाटात असतात. ते तसे ठेवायचे नसतात, हे ह्यांना ठाऊक आहे. मी ह्यांची बायको संघप्रिया, मलाही ठाऊक आहे. "हरवतात गं त्यांच्याकडून," असं हे म्हणायचे आणि मी पोळ्या लाटत ऐकून घ्यायची.

यंदा भीमजयंतीला माहूजच्या हॉलमध्ये आमच्या श्रावस्तीनं बोलायचं ठरलं. तेरा वर्षांची पोर. मराठी कळते, उत्तर मात्र इंग्रजीत देते. शाळेत अमेरिकेतल्या गुलामांवरून झालेल्या युद्धाचा धडा चालू होता, तोच विषय घेतला. ह्यांनी तीन संध्याकाळी बसून तिला भाषण लिहून दिलं, इंग्रजी अक्षरांत मराठी. लिहिताना ह्यांचे डोळे भरून आले होते, ते नाटक नव्हतं.

त्याच आठवड्यात खंडू नावाचा वेल्डर कामावर आला नाही. आमच्याच भागातला, आमच्याच समाजातला. बाप आजारी म्हणून त्यानं दोनदा रजा मागितली होती, दोन्ही वेळा नाकारली गेली. सोमवारपासून तो बाब अल बहरीनजवळ एका गाववाल्याच्या खोलीवर जाऊन राहिला. गुरुवारी ह्यांनी मॅनेजरला घरून फोन केला, "त्या खंडूवर रनअवे टाकली, खलास." म्हणजे माणूस पळाल्याची सरकारात तक्रार. ती पडली की माणसाला पोलीस रस्त्यावरूनही उचलतात. फोन ठेवून हे पुन्हा भाषण लिहायला बसले, आणि मी चहा नेऊन दिला.

शुक्रवारी हॉल भरला होता. पुढे आम्ही कुटुंबवाले, मागे लेबर कॅम्पमधले कामगार. श्रावस्ती छान बोलत होती. दक्षिणेत गुलामांच्या घामावर कापूस पिकायचा आणि उत्तरेतले पुष्कळ लोक म्हणायचे, आपल्याला काय त्याचं. मग कायदा आला, की पळून आलेला गुलाम उत्तरेतल्यांनीही पकडून द्यायचा. आता गप्प बसायची सोय राहिली नाही. कुणी लपवलं, कुणी पकडून दिलं. भांडण वाढत गेलं, दक्षिणेतली राज्यं फुटून निघाली आणि चार वर्षं एकाच देशाची माणसं एकमेकांना मारत राहिली.

मध्येच ती अडली. "गुलाम पळाला की मालक दवंडी पिटवायचा," असं कागदावर होतं. दवंडी तिला येईना. तिनं क्षणभर विचार केला आणि घरात ऐकलेला शब्द घातला, "गुलाम पळाला की मालक त्याच्यावर रनअवे टाकायचा."

पुढच्या रांगा खदखदून हसल्या. मीही हसले. मागून मात्र कुणी हसलं नाही. मी वळून पाहिलं तर शेवटच्या रांगेत खंडू बसला होता.

जेवणाच्या वेळी तो ताट घेऊन ह्यांच्यापाशी आला. "सर, बाप लय सिरियस हाये. पासपोर्ट देता का? मी काई पळून नाई चाललो, जाऊन येतो."

"रविवारी ऑफिसात ये, बघू," हे म्हणाले. तोवर त्याला कुठेही उचललं असतं. तक्रारीचं ह्यांनी सांगितलं नाही. मी समोर वाढत उभी होते, मी त्याच्या ताटात आणखी भात घातला. त्या भाताची आजही लाज वाटते.

माझ्या शेजारी उभी असलेली श्रावस्ती म्हणाली, "पपा, धिस इज दॅट खंडू, ना? त्याच्यावर रनअवे टाकली ना तुम्ही?"

खंडूनं ताट टेबलावर ठेवलं. "खरं हाये का, सर?"

हे "हो" म्हणाले. खंडू न जेवता निघून गेला.

ह्यांनी रविवारी मॅनेजरच्या शिव्या खाऊन तक्रार मागे घेतली आणि संध्याकाळी आम्ही पासपोर्ट घेऊन त्या खोलीवर गेलो. तिथं कळलं, बाप शनिवारीच गेला. खंडूनं पासपोर्ट उघडला, आपला फोटो पाहिला आणि पासपोर्ट खिशात घातला.

निघताना हे म्हणाले, "जयभीम, खंडू."

खंडू आमच्याकडे बघत राहिला. जयभीम काही त्यानं घातला नाही.